रेकॉर्डमध्ये न्हाई, म्हंजे न्हाई

आमच्या ऑफिसात कुणी कुणाशी फारसं बोलत न्हाई. सगळ्यांच्या कानात हेडफोन. तरी किस्से कुठून साचतात, देव जाणे! रूमवर ऐकायला कुणी न्हाई, म्हणून तुम्हाला सांगतो.

काम असं : परदेशातला डॉक्टर पेशंटची फाईल लिहितो, आमची पोरं प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावतात, आणि तो कोड फाईलीशी जुळतो का ते मी कलबुर्गीत बसून तपासतो. आमच्या हेड शोभाक्का. त्यांचा कायदा एकच, "रेकॉर्डमध्ये न्हाई, म्हंजे झालंच न्हाई."

*

कमलनगरच्या बसवराजनं नवा असताना उजव्या पायाच्या फ्रॅक्चरचा कोड लावला. फाईलीत डावा पाय. मी चूक काढली तर माझ्यावरच वैतागला.

"अण्णा, पाय तर मोडलाय नव्हं? अजून काय तपासायलाव?"

*

गायीनं लाथ मारली तर त्यालाही वेगळा कोड आहे. तो सापडला त्या दिवशी बसवराज म्हणाला, हा लिहून घरी गोठ्यात चिकटवतो, आईला रोज लागतोय. आम्ही दोघंच हसलो. बाकीच्यांना ऐकूच गेलं न्हाई.

*

एकदा शोभाक्कांनी स्वतःच पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर वाढदिवस! ऑफिसच्या यादीत त्यांची तारीखच राहून गेली होती. पेढा हातावर ठेवत म्हणाल्या, "रेकॉर्डमध्ये न्हाई, म्हंजे झालाच न्हाई." मग केबिनमध्ये गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या न्हाईत.

*

एका म्हातारीच्या फाईलीत बसवराजनं 'एकटी राहते' हा कोड लावला होता. व्हय, एकटं राहण्यालाही कोड आहे. डॉक्टरनं मात्र एवढंच लिहिलेलं, की शेजारीण डबा देते. एकटी असं कुठंच न्हवतं. मी कोड काढून टाकला.

त्या दुपारी अप्पांना फोन लावला. आई गेल्यापासून ते गावी, राजेश्वरला, एकटेच राहतात, कितीदा म्हटलं तरी इकडं येत न्हाईत. जेवलात का विचारलं. जेवलोय म्हणाले, मग विचारलं, कधी यायलास? रविवारी येतो म्हटलं. असे तीन रविवार गेले.

*

चौथ्या रविवारच्या आधीच अप्पांना चक्कर आली. शेजारच्या काकांनी त्यांना बसवकल्याणच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं. मला बघून अप्पांना इतका आनंद झाला, की मला लाज वाटली.

उशाशी केसपेपर होता. सवयीनं हातात घेतला. बीपी, शुगर, आणि खाली डॉक्टरांनी लिहिलेलं : घरी मुलासोबत राहतात.

मी काकांकडं बघितलं. काका खिडकीकडं बघायला लागले.

"मीच सांगितलं तसं," अप्पा हळू म्हणाले. "डॉक्टरनं विचारलं, घरी कोण हाय म्हणून. बघ बरं, बरोबर लिहिलंय का? तुझं कामच हाय ते."

मी परत एकदा वाचलं.

"बरोबर हाय, अप्पा."