नूरमावशींची सही

नूरमावशी आम्हाला कधीच नावानं हाक मारत नसत. कवठे महांकाळच्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथालयात परिचर होत्या. खिडकीतून आमच्या तोंडाआधी आमचं कार्ड त्यांच्यासमोर यायचं, त्यामुळे असेल, पण बाजारात भेटल्या तरी विचारायच्या, "काय गं चारशे सतरा, जेवलीस का?" चारशे सतरा म्हणजे मी. पुस्तक परत घेताना त्या पान न् पान चाळून बघत. मागे कितीही रांग लागो, त्यांचा अंगठा आपल्याच गतीनं चालायचा. "नेताना जसं नेलं तसं परत पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि त्यांना सगळ्याची भीती वाटायची. वळणावर एस.टी.नं ओव्हरटेक केलं की डोळे मिटून घेत. कुणी ग्रंथालयातल्या शिडीवर चढलं तर तो उतरेपर्यंत शिडी सोडत नसत, मग तो प्राचार्य का असेना. आमचे क्रीडाशिक्षक घोरपडे सर म्हणायचे, मावशींना भ्यायला सुट्टी कशी ती नाहीच.

त्याच सरांनी त्यांना आमच्या फुटबॉल संघाची मॅनेजर केलं. मुलींच्या संघाबरोबर बाई मॅनेजर लागतेच, सामन्याआधी खेळाडूंच्या यादीवर तिची सही नसेल तर संघ मैदानात उतरू देत नाहीत. कॉलेजातल्या एकुलत्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मावशी आधी नाही म्हणाल्या, मग दोन दिवस घरोघर फिरून प्रत्येक पोरीच्या आईला भेटल्या. "जशी नेली तशी आणून देते," असा शब्द त्यांनी अकरा-बारा घरांत दिला. हा शब्दच पुढं त्यांच्या जिवाला लागून राहिला.

फुटबॉल त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. चेंडू आमच्या गोलाकडे आला की त्या पदर तोंडावर घेत. पण सामना संपला की आम्हाला झाडाखाली ओळीनं बसवत. बोटं ओढून बघायच्या, गुडघे दाबायच्या, डोळ्यांच्या पापण्या वर करायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "नंबर सांग." आम्ही हसत हसत कार्डाचा नंबर सांगायचो. सगळ्या पोरी पानांसकट परत आल्याची खात्री पटली की मग पाण्याच्या बाटल्या वाटायच्या.

सांगली विभाग आम्ही जिंकलो आणि विभागविजेत्यांच्या स्पर्धेसाठी साताऱ्याला गेलो. माझं शेवटचं वर्ष होतं. फायनलला विद्यापीठ संघाची निवड समिती येऊन बसणार होती आणि मला गोलकीपर म्हणून त्या संघात जायचं होतं. त्यापलीकडे मला तेव्हा काही दिसत नव्हतं, खरंच सांगते.

सकाळच्या सेमीफायनलमध्ये शेवटची पाच मिनिटं राहिली असताना मी समोरच्या पोरीच्या पायात उडी घेतली. चेंडू मिळाला, पण तिचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. क्षणभर कुठलाच आवाज आला नाही. मग उठले, बर्फाचा स्प्रे मारून घेतला, उरलेला सामना खेळले. आम्ही जिंकलो. पोरी नाचत होत्या आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकत होते. तोंड धुऊन आले. ऊन लागलं, असं आमची कॅप्टन प्रणाली हिला सांगितलं.

झाडाखाली माझी पाळी आली. मावशींनी बोटं पाहिली, पापण्या पाहिल्या. मग नंबर विचारला आणि मी सांगितला. त्यांचा हात माझ्या मनगटावर तसाच राहिला.

"परत सांग."

मी परत सांगितला, मोठ्यानं, जरा चिडूनच; शेजारच्या पोरींनीही ऐकला, पण एकमेकींचे नंबर कुणाला पाठ नव्हते. त्या उठल्या आणि थेट सरांकडे गेल्या. हिनं नंबर चुकीचा सांगितला, चार वाजताच्या फायनलमध्ये हिला उतरवू नका, असं त्यांचं म्हणणं. सर हसले, मग वैतागले. कार्डाच्या नंबरावरून संघ ठरवायचा का, म्हणाले. दुसरी गोलकीपर आमच्याकडे नव्हती. प्रणालीनं मला विचारलं, चुकलीस का? मी छातीठोकपणे सांगितलं, अजिबात नाही, बरोबर सांगितला. मला तसंच वाटत होतं. पोरींनी हात जोडले, एकीनं तर मावशींचे पाय धरले. मावशींनी पेन हातात घेतलं नाही.

"तिचं नाव हाय तवर माझी सही न्हाई," त्या म्हणाल्या. "काय करायचं ते करा."

चारला दहा मिनिटं कमी असताना पंचांनी यादी मागितली. सरांनी माझ्या नावावर काट मारली, बचावातल्या एका पोरीला गोलात उभं केलं, आणि मग मावशींनी सही केली. ती सही मी पाहिली. अक्षरं ओळ सोडून खाली घसरली होती.

फायनल मी पाहिली नाही. मावशी मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. रिक्षात त्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, खड्डा आला की त्याच कळवळायच्या. स्कॅनसाठी बाकावर बसलो होतो तेव्हा त्यांनी त्यांच्या नवऱ्याबद्दल सांगितलं. ते ट्रकच्या टपावरून पडले होते. उठले, कपडे झटकले, चहा प्याले, काय न्हाई झालं म्हणाले. दिवस मावळायच्या आत गेले. मी रागानं दुसरीकडे बघत होते.  पण मी गुपचूप आईचा फोन नंबर आठवून पाहिला. आला. तरी पुन्हा पाहिला, पुन्हा, आणि दर वेळी आकडा ओठांवर येईपर्यंत श्वास रोखून धरला.

स्कॅन साफ निघालं. मावशी माझ्या आईला फोन करायला बाहेर गेल्या होत्या, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले की आत रक्तस्राव नाही, पण मेंदूला हादरा बसलाय, लगेच दुसरा मार लागला असता तर अवघड होतं, तीन आठवडे चेंडूला हात लावू नकोस. मी मान हलवली.

आम्ही तीन-शून्यनं हरलो होतो. परतीच्या गाडीत प्रणालीनं विचारलं, काय निघालं? "स्कॅन साफ आहे," मी म्हणाले. तेवढंच. पुढचं वाक्य मी गिळलं. गाडीतल्या सगळ्या माना मावशींकडे वळल्या आणि मग कॉलेज येईपर्यंत कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

घरी आल्यावर दप्तरातून कार्ड काढलं. चारशे सतरा. त्या दुपारी मी दोन्ही वेळा चारशे एकाहत्तर सांगितलं होतं. भिंतीला टेकून खाली बसले. मार लागला तेव्हा मी भ्याले नव्हते, तेवढी आता भ्याले. माझंच डोकं मला खोटं सांगत होतं आणि त्याच्या भरवशावर मी मावशींना खोटं पाडलं होतं. मला वाटलं, उद्या जाऊन सांगावं. पण दुसऱ्या दिवशी प्रणालीचा रडून सुजलेला चेहरा पाहिला आणि वेगळीच भीती वाटली, आता माझ्याशीही कुणी बोलणार नाही याची. कार्ड दप्तरातच राहिलं.

मावशींकडून लेखी खुलासा घेतला गेला. पुढच्या वर्षासाठी दुसरी मॅनेजर नेमली. "भित्री बाई, हिनं फायनल घालवली," हे वाक्य कॉलेजात असं रुळलं की आम्हाला न ओळखणारी पोरंही ते म्हणायची. आमच्या नंबरांचं रजिस्टर मावशींच्या हाताखालीच असायचं. एकदा उघडून दाखवलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्यांनी दाखवलं नाही.

कॉलेज सोडताना कार्ड परत द्यायला गेले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "नंबर सांग."

"चारशे सतरा."

"आता बरोबर," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रजिस्टर का दाखवलं नाही, मी कसंबसं विचारलं.

"मी म्हातारी बाई. माझ्यासंगं न्हाई बोलल्या तर काय बिघडतंय? तुला त्यांच्यात ऱ्हायचं व्हतं." आणि मागच्या मुलाचं पुस्तक चाळायला घेतलं.

आता मी औंधकडच्या एका शाळेत खेळ शिकवते. यादीवर सही करताना माझाही हात दर वेळी थांबतो, पोरी हसतात.

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, तर प्रणालीही आली होती. आम्ही त्यांच्या मुलीजवळ बसलो, निघालो. दारात चपला घालताना प्रणाली हळूच म्हणाली, "बाई मायाळू होती गं. पण भित्री. आपली फायनल घालवली तिनं."

 इतक्या वर्षांनीही तीच भीती, जशीच्या तशी. दारात उभी राहूनच मी बोलले. नंबर चुकल्याचं सांगितलं, टाकीमागे ओकल्याचं सांगितलं, डॉक्टरांचं गिळलेलं वाक्यही सांगितलं.

  एका पायात घातलेली चप्पल प्रणालीनं काढली आणि ती पुन्हा आत, मावशींच्या मुलीकडे गेली.