सायकस की चिकू

अंगणात एकाच झाडापुरती जागा होती. बायकोच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता, म्हणून मन रमवायला आम्ही दोघं नर्सरीत गेलो.

शोभेचा सायकस मोठा डौलदार होता. ताठ, कातीव पानांचा. लावला की त्याच दिवशी अंगण सजणार. शेजारी काठीला बांधलेलं चिकूचं कलम होतं, जेमतेम गुडघ्याएवढं.

"याला फळ कधी धरेल?" हिने माळ्याला विचारलं.

"चार-पाच वर्षं धरा, ताई."

मी घाईने म्हणालो, "सायकसच घेऊ. आजच शोभा येईल."

हिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "माझी वर्षं मोजताय?"

मी खरंच मोजत होतो. शोभेचं झाड आजच्या दिवसावर भागवतं. फळझाड मात्र लावणाऱ्याकडून थांबायचं वचन घेतं. तिच्याकडे ते वचन मागायची मला भीती वाटत होती.

"चिकू द्या," ती माळ्याला म्हणाली.

घरी येताच तिने पदर खोचून खड्डा खणायला घेतला. मी कुदळ मागितली, तेव्हा ती माझ्या हातात देत म्हणाली, "खोल खणा. मुळांना लांब जायचंय."