बाईजाचं पित्त

"पण आमची वाट बघायला तुला काय झालं?" जयराम दारातूनच म्हणाला. पायाचा चिखलही त्याने धुतला नव्हता.

बाईजाने बोटाला लागलेली सुकट चाटली. "बघितली की. भाकर खाता खाता बघितली."

"आये, मस्करी नको," मुलगा सुनिल म्हणाला. आज त्याची शुक्रवारची सुट्टी होती, त्यामुळे न्यायनिवाड्याला तो हजर. "बाबा शेतावरून उपाशी येतात आन तू आधी जेवून बसलीस. कोणी बघितलं तं काय बोलल?"

"बोलल, बाईजाला भूक लागली."

बाईजाला भूक लागते ही बातमी टोकावड्याजवळच्या त्या घराला नवीन होती. लग्न होऊन आल्यापासून तिला ताप आला होता, विंचू चावला होता, बाळंतपणं झाली होती. भूक मात्र कधी लागली नव्हती. तिची जेवायची वेळ भांडी ठरवत. सगळ्यांची ताटं उचलली की टोपात असेल ते तिचं. खूप उरलं तर खूप, खरवड उरली तर खरवड. अन्न टाकायचं नाही आणि पुरुषांना शिळं वाढायचं नाही, हे दोन नियम घरात कडक होते, आणि दोन्ही पाळायचं काम एकट्या बाईजाच्या पोटाकडे होतं.

बाकीच्यांच्या भुकेची नीट व्यवस्था होती. जयरामची भूक बांधावरून निघाली की ती ओटीवर पोचायच्या आत ताट लागे. सुनिल मुरबाडच्या एका कंपनीत कामाला. त्याची भूक मोबाइलमध्ये होती. त्यात कसलंसं ॲप होतं. ते वाजलं की उकडलेली अंडी, पुन्हा वाजलं की काकडी. भात बंद. रविवारी मोबाइल परवानगी देई, मग सुनिल ढाब्यावर जाऊन आठवडाभराचा सूड उगवून येई आणि पोट धरून निजे. दुसऱ्या दिवशी आईला सांगे, "तू भात खातेस ना, म्हणून तुझं अंग सुटलंय. खाण्यावर कंट्रोल पायजे." आणि संध्याकाळी उरलेला भात तिच्याच पुढे सरकवी. "एवढासा तं हाय. संपवून टाक."

बाईजाला पित्त होतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. सकाळी धुणं आटपून आली की पोटात आग पडे, डोकं चढे, हातपाय गळून जात. मग ती टोकावड्याच्या दुकानातली गुलाबी गोळी चघळे. मुलगा काळजी घेणारा. पगार झाला की न विसरता गोळ्यांची पट्टी आणून देई.

मागे एकदा गोळ्या संपल्या आणि टोकावड्याला कोणीच जाणार नव्हतं. आग सोसेना, म्हणून बाईजाने तव्यावरची नाचणीची भाकर मोडली. भाकर संपली आणि पित्तही गेलं. तिला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा तिला उमगलं. इतकी वर्षं ती भुकेवर गोळी घेत आली होती.

तेव्हापासून ती सकाळी आग पडली की खाऊ लागली. मग रात्री टोपाकडे हात जाईना. थोडं खाल्लं की पोट पुरे म्हणे. आधीही म्हणत असेल, पण ऐकायला सवड कोणाला होती? गुळाचंही तसंच झालं. पूर्वी ती दाराआड उभी राहून ढेकूळ तोंडात टाकी आणि चव कळायच्या आत गिळे. आता खावासा वाटला तर ओटीवर बसून सगळ्यांदेखत खडा चघळी, आणि एका खड्यावर भागे.

"आई, गूळ आवडेनासा झाला का?" सून रंजिताने विचारलं होतं. डबा सरत नव्हता.

"आवडतो म्हणून तं सावकाश खाते."

आजवर हे आधी जेवणं पुरुषांच्या मागे चाललं होतं. आज जयराम लवकर परतला आणि ती पकडली गेली.

"मंग मी जेवतच नाय," त्याने आता जाहीर केलं आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. हे त्याचं जुनं हत्यार. तो जेवला नाही की बाईजाही जेवत नसे, आणि शेवटी तीच ताट घेऊन काकुळतीला येई. पण समोरच्याचं पोट भरलेलं असलं की उपोषण फार एकाकी होतं. वालाच्या कालवणाचा वास ओटीवर पोचला.

"येक डाव विचार तरी," तो भिंतीला म्हणाला.

"भूक लागली का?"

"नाय."

"मंग ऱ्हाऊ दे. भूक नसताना खाऊ नये."

संध्याकाळी जयराम जेवला. दुपारचंही तेव्हाच जेवला. तरी टोपात भात उरला, कारण रंजिताने नेहमीच्या मापाने रांधलं होतं आणि त्या मापात बाईजाचं पोट धरलेलं होतं. सुनिलने सवयीने टोप आईकडे सरकवला.

"माझं झालं," बाईजा म्हणाली.

"मंग ह्यो भात कोण खाणार?"

"तू खा."

"माझा भात बंद हाय."

"पुरुष माणूस उरलंसुरलं खातो का कधी?" जयराम हात धुता धुता म्हणाला. "आमच्या आयेनं कधी तक्रार नाय केली. मुकाट संपवायची."

"तिलापण पित्तच होतं," बाईजा म्हणाली.

आता दोघांनी रंजिताकडे पाहिलं. तिचं जेवण झालं होतं. तरी तिने टोप ओढला. "द्या, मी संपवते. मलापण हल्ली सकाळी पोटात आग पडते, पण आता बरं वाटतंय."

"बोलली नायस कधी," सुनिल म्हणाला. "उद्या तुझ्यासाठीपण पट्टी आणतो."

बाईजाने सुनेच्या हातातून टोप काढून घेतला, त्यावर झाकण ठेवलं आणि उठली.

"उद्यापासून आमी दोघी भूक लागल तवा जेवणार. तुमी तवा घरात असलात तं बरोबर बसू, नसलात तं तुमची भाकर टोपलीत असल, आपल्या हातानं घ्यायची. आन ह्यो भात सकाळी तुमी दोघं खायचा."