आबांचा रुमाल

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी पुरती थांबायच्या आधीच आबांचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. मी गर्दीतून आत शिरले की हाक यायची, "ताई, हितं. तुमची जागा धरलीय." स्वतः मात्र दांड्याला धरून उभे. अशा माणसावर तुम्हीही विश्वास टाकला असता. मी तर डोळे झाकून टाकला.

एमआयडीसीतल्या एका डेअरीत आमची कॉम्प्युटरची खोली होती, आणि आबा तिथले सगळ्यात जुने. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमची मशिनं लिनक्सवर चालायची, आणि तो शब्द आमच्या खोलीबाहेर कुणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे आबा सांगतील ते खरं. कीबोर्डला हात लावण्याआधी ते हात धुऊन यायचे, जेवायला बसल्यासारखे. आणि मधूनच एखादी कमांड टाइप करताना डावा पंजा कीबोर्डवर आडवा धरायचे, वाऱ्यात काडी पेटवताना धरतात तसा. पासवर्ड असेल म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो.

मला त्यांनी एकच धडा घोकायला लावला. आपण केलेल्या प्रोग्रॅमचं पॅकेज, म्हणजे मशिनवर बसवायचा गठ्ठा, तयार झालं की ते कोणत्या डिरेक्टरीत पडतं, हे तो गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पॅकेज मॅनेजरच्या, सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. "अंदाज न्हाय करायचा, ताई. फाईल वाचायची."

मी तसंच केलं. दुधाच्या फॅटचा माझा प्रोग्रॅम, त्याचं पॅकेज, आणि फाईलमधली डिरेक्टरी वाचून तिथून ते उचलणं, सगळं बसवलं. डेअरीच्या मॅनेजरसाहेबांना पटलं तर रोजंदारी संपून मी कायम होणार होते. घरात आईनं शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

दाखवायच्या दिवशी आबा म्हणाले, "माझ्या लॉगिनवरनं चालवा, ताई. त्याला समद्या परवानग्या हायेत." पॅकेज विनातक्रार तयार झालं. पडद्यावर मात्र आला माझा जुना, बेरीज चुकणारा प्रोग्रॅम. मी फाईल पुन्हा पुन्हा वाचली. डिरेक्टरी तीच होती. मॅनेजरसाहेब उठून गेले. आबा शेजारी बसून चष्मा पुसत होते.

कायमची नोकरी आबांच्या जावयाला लागली.

जावई सरळ माणूस. एकदा त्यानं माझ्यासमोरच ती कमांड टाइप केली, पंजा आडवा न धरता. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मामांनी शिकवलंय. नुसती फाईल वाचून भागत न्हाय, पॅकेज मॅनेजरलाच इचारायचं. लॉगिनची आपली येगळी फाईल असली, तर त्यो तिचंच ऐकतो."

आबांचं लॉगिन आता त्याच्याकडे होतं. त्यानं ती वेगळी फाईल उघडून दाखवली. तिच्यातली डिरेक्टरी निराळी होती. माझं नवं पॅकेज अजून तिथंच पडून होतं; मी वाचलेल्या डिरेक्टरीतून उचललं गेलं ते आधीचं, जुनं.

संध्याकाळी स्टँडवर मी आबांना विचारलं. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्या शिकवलं ते खोटं व्हतं का, ताई?"

खोटं नव्हतं. अर्धं होतं. परक्यानं फसवलं असतं तर मी विसरलेही असते. आबांचं अजून सलतं.

नंतर आबा त्या गाडीला कधी दिसले नाहीत. त्या संध्याकाळी मात्र रुमाल नेहमीसारखा पडला. मी बसले नाही. तेही बसले नाहीत. दोघं एकाच दांड्याला धरून इंदापूरपर्यंत उभे राहिलो, आणि कुणी त्या रिकाम्या सीटचं विचारलं की आबा हळूच सांगत होते, "ताईंची हाय."