कपारवाडीत पाहण्यासारखं काही नाही

बालाघाटाच्या माथ्यावर कपारवाडी वसलेली होती. जुनं हेमाडपंती देऊळ, त्यामागे जांभळाची राई आणि राईपलीकडे धबधबा. एवढं सगळं असूनही आलेल्या अंमलदाराला गाव आवडू नये, ही जबाबदारी हरिबाकडे होती. निजामाच्या राज्यात साहेबाला जागा आवडली की तिथे तंबू पडायचा आणि गावाला वेठ लागायची. ओझी वाहा, गवत कापा, कोंबड्या द्या आणि मोबदल्याचं नाव काढू नका.

हरिबा या कामात तरबेज होता. पाहुण्याला तो बोरीबाभळीच्या वाटेनं वर आणी, देवळाची पडकी बाजू दाखवी, वटवाघळांचा वास पोटभर घेऊ देई. पाण्याचा आवाज कानावर पडू नये म्हणून स्वागताला हलगी वाजे. साहेबाला तो आपला मान वाटे. उन्हं कलायच्या आत तो बीडची वाट धरी.

प्लेग ओसरला त्या साली भादव्यात नवा तहसीलदार आला. विजारीत रुतलेले काटे काढत त्यानं गावाकडे पाहिलं आणि त्याला कीव आली. असल्या उजाड जागी माणसं राहतात तरी कशाला, म्हणाला. हरिबाला साहेबांच्या शिव्या पचायच्या, ही कीव काही पचली नाही. त्यानं हात वर करून हलगी थांबवली.

"हुजूर, जरा देवळामागं चला."

साहेब धबधब्यासमोर बसला तो उठेचना. हरिबाची छाती फुगली. घरी बायकोनं, बायनाबाईनं, त्याला जेवायला वाढलं नाही.

दिवाळी सरली आणि तंबू आले. साहेबाचं आंघोळीचं घंगाळ गावानं हरिबाच्याच डोक्यावर दिलं, आणि ते रास्तच होतं. पुढे दरसाल ते त्याच्याकडेच राहिलं.

एका वर्षी चढणीवर साहेबानं विचारलं, आणखी काही पाहण्यासारखं आहे का. राईच्या खाली कपारीत एक कोरीव लेणं होतं. बापाबरोबर हरिबानं ते पाहिलं होतं आणि त्याहून सुंदर असं जन्मात काही पाहिलं नव्हतं. मागून येणारं सगळं गाव ओझ्यासकट थांबलं.

"न्हाई, हुजूर," हरिबा म्हणाला.

हे त्यानं आयुष्यभर सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र त्याला रडू आलं. दोन्ही हात घंगाळाला होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.