शेण आणि चुना

जयरामकाका पलटणीत हवालदार, त्यामुळे भागीरथीकाकीचं बिऱ्हाड डोळखांबहून पुण्याला, बेळगावला, जबलपूरला फिरत राहिलं. प्रत्येक छावणीत ती गवळ्याकडून शेण आणून सरकारी खोलीची सिमेंटची जमीन सारवायची. बदली झाली की खोली होती तशी परत द्यावी लागे, मग काका उलथनं घेऊन जमीन खरवडत बसायचा.

"सिमेंट चांगलंय गो," तो विनवायचा.

"मग उघड्या जमिनीवर पान मांडू?" काकी विचारायची.

सेहेचाळीस साली पेन्शन घेऊन दोघं गावी आली. आठवड्याभरात काकीने उकिरड्याभोवतीच्या दगडांना छावणीसारखा पांढराशुभ्र चुना फासला.

"हे कोणासाठी?" काकाने विचारलं.

"साहेब तपासायला आला तर?"

काका घरात जाऊन उलथनं शोधू लागला.