चौथ्या घरातले मामा

सत्तरच्या दशकात मी विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधन विभागात कारकून होतो. रक्त तपासणं डॉक्टरांचं काम. जीप, बर्फ, बाटल्या आणि माणसं जमवणं माझं. तळेगाव ढमढेरेला आम्ही दर पाचव्या घरातल्या माणसांचं रक्त घेत होतो. चौथ्या घरातले एक मामा त्यामुळे भयंकर दुखावले.

रोज सकाळी ते शाळेच्या व्हरांड्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे आणि सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारायचे.

"साहेब, शेजाऱ्याचं रगत चालतं, आन् माझ्यात काय पानी हाय?"

"मामा, शास्त्राचा नियम आहे."

"मंग शास्तर नेमकं माझंच घर कसं चुकवतं?"

गावात त्यांची चेष्टा व्हायला लागली. शेवटी मलाच राहवेना. डॉक्टरांच्या मागे लागलो, तेव्हा ते म्हणाले, "आणा त्यांना. संशोधनात धरणार नाही, पण तपासून देऊ."

मी आनंदानं बाहेर आलो. "मामा, चला, डॉक्टरांनी बोलावलंय!"

मामांनी झरकन बाही खाली ओढली आणि माझ्या कानाशी आले. "नगं साहेब. मला सुईचं लई भ्या वाटतं."

"अहो, मग रोज भांडत कशाला होता?"

"तुम्ही इचारायचं आन् मी न्हाई म्हनायचं. येवढा तरी मान नगं का मानसाला?"

संध्याकाळी आमची जीप निघाली, तेव्हा मामा पारावर लोकांना सांगत होते, "डाक्टर लई मागं लागला, पन म्या ऐकतोय व्हय! इचारा साहेबाला."

मी जीप थांबवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "फार विनवलं आम्ही."